गाळ्यांच्या इमारतीची गच्ची : जलरोधक थर कोणता निवडावा?

इमारत बांधताना आपण पायाकडे लक्ष देतो, समोरच्या दर्शनी भागाकडे तर फारच देतो. पण ज्या गच्चीखाली आपला माल राहणार, तिच्याकडे मात्र शेवटी, म्हणजे पैसे संपत आल्यावर पाहतो. मग पहिल्या पावसाळ्यात भिंतीला ओल येते, दुसऱ्या पावसाळ्यात गिलाव्याचे पोपडे पडतात आणि तिसऱ्या पावसाळ्यात कापडाच्या ठाणांवर किंवा सोयाबीनच्या पोत्यांवर पाणी ठिबकू लागते. हंगामाच्या तोंडावर माल भिजला तर वर्षाची कमाई जाते. म्हणून छताची निवड हा मिस्त्रीवर सोडून देण्याचा विषय नाही. व्यापाऱ्याने तो हिशेबाच्या वहीइतकाच मन लावून समजून घ्यायला हवा. कारागीर बांधवांसाठीही यात चांगला धंदा आहे, म्हणून हा लेख दोघांसाठी आहे.

उदाहरणासाठी बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर तालुक्यातले हिवरा आश्रम हे गाव घेऊ. विवेकानंद आश्रमामुळे नावारूपाला आलेल्या या गावात शाळा-महाविद्यालये आहेत, जयंती उत्सवाला मोठी गर्दी जमते आणि आसपासच्या खेड्यांचा व्यवहारही येथे चालतो. समजा, येथे एका व्यापाऱ्याने ४० फूट रुंद आणि ५० फूट लांब अशी गाळ्यांची एकमजली इमारत बांधली. गच्ची झाली २००० चौरस फूट, म्हणजे सुमारे १८६ चौरस मीटर. या गच्चीवर काय घालावे, हा आपला प्रश्न आहे.

आपल्या हवेचा स्वभाव

आपल्या भागात जुनी घरे धाब्याची होती. लाकडी कड्यांवर काड्या-पाला आणि त्यावर पांढऱ्या किंवा खाऱ्या मातीचा थर. दरवर्षी रोहिण्या-मृगाच्या आधी धाब्यावर नवी माती टाकून ती दाबून घ्यायची, हा घराघराचा नेम होता. माती उन्हात तडकत असे, पण पहिल्या सरीने फुगून भेग बुजत असे. सिमेंटच्या स्लॅबला ही सोय नाही. त्याला गेलेला तडा आपोआप बुजत नाही.

उन्हाळ्यात येथे पारा ४० अंशांच्या वर जातो. काळ्या रंगाची गच्ची त्या वेळी ७० अंशांपर्यंत तापू शकते आणि पहाटे पुन्हा थंड होते. तापलेले काँक्रीट प्रसरण पावते. आपली ५० फुटांची गच्ची ३० अंशांच्या फरकाने साडेचार मिलिमीटरच्या आसपास लांब-आखूड होते. रोज ताणायचे, रोज आखडायचे. जो थर हा ताण सोसू शकत नाही तो फाटतो. त्यानंतर पाऊस येतो. तो कोकणासारखा महिनोन्महिने लागून राहत नाही, पण तासाभरात इंचभर पडतो. आपल्या गच्चीवर एक इंच पाऊस म्हणजे साधारण ४६०० ते ४७०० लिटर पाणी, जवळपास एक टँकर. त्यात गारपीटही आली. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ-मराठवाड्याने तिचा तडाखा सोसला आहे.

म्हणून आपल्याला हवा असलेला थर उष्णता सोसणारा, ताणला जाणारा, उन्हाने न कुजणारा आणि वरचा मार खाणारा असावा. हे चारही गुण एकाच मालात पुरेपूर मिळत नाहीत. निवड करावी लागते ती याचसाठी.

आधी ढाळ, मग माल

कोणताही माल घ्या, पाणी साचून राहिले तर तो लवकर हरतो. १०० फुटांना निदान १ फूट ढाळ हवा. आपल्या इमारतीत मध्ये कणा धरून दोन्ही बाजूंना २० फुटांचा उतार दिला तर मध्यभाग कडेपेक्षा अडीच इंच उंच ठेवावा लागेल. अडीच इंचांसाठी पुढची पंधरा वर्षे पाणी साचवणे हा तोट्याचा सौदा आहे.

दुसरी गोष्ट पाणी उतरवणाऱ्या पाईपांची. तासाला १०० मिलिमीटर वेगाने पाऊस पडत असेल तर ४ इंची पाईप सुमारे ४२ चौरस मीटर गच्चीचे पाणी उतरवू शकतो. आपल्या १८६ चौरस मीटरला या हिशेबाने ५ पाईप हवेत. गावोगाव एवढ्या गच्चीला दोन पाईप दिसतात, आणि त्यातल्या एकात पाला-प्लास्टिक अडकलेले असते.

तिसरी गोष्ट कोपऱ्याची. गच्ची आणि पॅरापेट भिंत जेथे मिळतात तेथे सिमेंट-वाळूचा गोलसर वाटा घालावा. काटकोनात वळलेला थर तेथेच मोडतो. बहुतेक गळती मोकळ्या मैदानातून होत नाही, ती कोपऱ्यातून, पाईपाच्या तोंडाशी आणि टाकीच्या पायाशी होते.

बाजारात काय काय मिळते

१. विटांचा कोबा : स्लॅबवर वीट-तुकडे मसाल्यात बसवून, ढाळ देऊन वर सिमेंट घोटायचे, किंवा चिनी मातीच्या फुटक्या फरशा लावायच्या. त्याआधीच्या काळात चुन्याचा कोबा असे. गूळ आणि बेलफळाचे पाणी शिंपडत तो थापीने दिवसेंदिवस ठोकत. विटांच्या कोब्याचे गुण स्पष्ट आहेत. ढाळ त्यातच मिळतो, खाली उष्णता कमी उतरते, वर चालता येते, गवंडी गावात मिळतो. दोष दोन. पहिला असा की तो कडक असतो, ताणला जात नाही, त्यामुळे बारीक तडे जातात. दुसरा दोष वजनाचा, आणि तो जास्त महत्त्वाचा. सरासरी ४ इंचांचा कोबा चौरस मीटरला १९० किलोच्या आसपास भरतो. आपल्या गच्चीवर तो ३५ टन होईल. वावर असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात माणसे-सामानाचा जो भार धरतात तो चौरस मीटरला सुमारे १५० किलो आहे. म्हणजे कोबा त्याहून जड. नकाशा काढतानाच अभियंत्याला सांगून कोब्याचे वजन धरलेले असेल तर हरकत नाही. पण जुना कोबा गळतो म्हणून त्याच्यावर दुसरा कोबा चढवणे ही गोष्ट कधीही करू नये. ७० टन वजन डोक्यावर घेऊन खाली गिऱ्हाईक उभे करणे म्हणजे जिवाशी खेळ आहे.

२. डांबराचा लेप आणि तारफेल्ट : हा जुना, स्वस्त मार्ग. औद्योगिक डांबराच्या डब्यावर ८५/२५ असे आकडे असतात. पहिला आकडा ते किती अंशांना मऊ पडते ते सांगतो, दुसरा त्याचा कडकपणा. ७० अंश तापणाऱ्या गच्चीला ८५ अंशांचा माल अगदी काठावरचा आहे. उन्हात तेल उडून तो कोरडा होतो आणि मगरीच्या पाठीसारखा तडकतो. उघड्या गच्चीवर याचे आयुष्य थोडे. दोन-तीन वर्षे निभवायची असतील तरच घ्यावा.

३. एपीपी मेम्ब्रेन : डांबरात प्लास्टिकच्या जातीचा पदार्थ मिसळून, मध्ये पॉलिस्टरचे कापड घालून केलेली ही गुंडाळी १ मीटर रुंद आणि १० मीटर लांब येते. जाडी ३ किंवा ४ मिलिमीटर. गॅसच्या ज्योतीने खालची बाजू वितळवून ती चिकटवतात. साधे डांबर ८५ अंशांना मऊ पडते, तर हा माल १४०-१५० अंशांपर्यंत तग धरतो. म्हणून आपल्या उन्हाला तो मानवतो. एसबीएस नावाचा दुसरा प्रकार रबरी स्वभावाचा असून थंड प्रदेशात जास्त उपयोगी पडतो. एपीपी घेताना मधले कापड पॉलिस्टरचे मागावे. काचतंतूचे कापड आकार धरते, पण ताण आला की लवकर फाटते. उघडे ठेवायचे असेल तर दगडी कणी बसवलेला प्रकार घ्यावा, नाहीतर वर पांढरा परावर्तक रंग द्यावा. वजन चौरस मीटरला साडेचार किलोच्या आसपास, म्हणजे आपल्या संपूर्ण गच्चीवर एक टनाच्याही आत. दोष असा की डिझेल आणि खाद्यतेल त्याला विरघळवतात. गच्चीवर जनरेटर किंवा हॉटेलच्या धुराड्याचे तोंड असेल तर तेवढा भाग वेगळा राखावा.

४. पीव्हीसी आणि टीपीओ चादरी : दीड मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या, बहुधा पांढऱ्या. सांधे गरम हवेच्या यंत्राने वितळवून एकजीव करतात. ऊन परतवतात, म्हणून खालची खोली थंड राहते. मोठे दवाखाने, वातानुकूलित दुकाने, कारखाने यांना त्या योग्य. पण सांधा घालणारा शिकलेला माणूस आणि यंत्र दोन्ही हवे. पीव्हीसी जुन्या डांबरावर थेट टाकू नये, दोघांचे पटत नाही आणि चादर ठिसूळ होते. मध्ये जाड कापडाचा थर द्यावा लागतो.

५. ईपीडीएम : ही रबराची चादर. ताणली खूप जाते, उन्हाला वर्षानुवर्षे दाद देत नाही. मात्र रंगाने बहुधा काळी, सांधे टेप किंवा डिंकाचे, आणि धारदार वस्तूने चिरते. तेलाचेही तिला वावडे. दुरुस्तीचा माल तालुक्याच्या बाजारात हाताशी नसेल तर ती घेऊन उपयोग नाही.

६. पॉलियुरेथेनचा पातळ लेप : ब्रशने किंवा रोलरने दोन-तीन हात देऊन सुकल्यावर निदान दीड मिलिमीटर जाडीचा बिनसांध्याचा थर तयार होतो. पाईप, टाक्या, सोलरचे पाय, वाकडे कोपरे यांची गर्दी असेल तेथे याच्यासारखा दुसरा माल नाही. दोष हा की जाडी कारागिराच्या इमानावर असते. दोन हातांचे पैसे आणि दीड हाताचे काम, हे सुकल्यावर डोळ्याला कळत नाही. म्हणून किती डबे आले आणि किती रिकामे झाले हे मालकाने स्वतः मोजावे.

७. ॲक्रिलिक पांढरा रंग आणि सिमेंट-पॉलिमर लेप : उष्णता कमी करायला चांगले, बारीक तडे झाकायला ठीक. पण साचलेल्या पाण्याखाली साधा ॲक्रिलिक फुगतो आणि सुटतो. त्याला मुख्य जलरोधक समजू नये. अहमदाबादने २०१७ मध्ये पांढऱ्या, थंड छतांची मोहीम घेतली, तेलंगणाने २०२३ मध्ये त्याचे धोरणच केले. तो उद्देश ऊन परतवण्याचा आहे. गळती थांबवणे हे वेगळे काम आहे.

उभ्या सळ्यांचा प्रश्न

आपल्या गावांत एक खास अडचण आहे. पुढेमागे मजला चढवू, या आशेने स्तंभांच्या सळ्या गच्चीवर उभ्या ठेवतात. आशा चांगली आहे, पण पाणी याच सळ्यांच्या कडेने स्तंभात उतरते. सळई गंजते, गंज फुगतो आणि काँक्रीट फोडतो. चादरीच्या जातीचा कोणताही माल चार-सहा सळ्यांच्या जुडग्याभोवती नीट बसत नाही. त्यासाठी सळ्यांना गंजरोधक सिमेंट-पॉलिमर लेप द्यावा, भोवती कमी सिमेंटच्या काँक्रीटचा ठोकळा करावा, म्हणजे पुढे तो फोडता येतो, आणि ठोकळ्याच्या बुडाशी पॉलियुरेथेनचा लेप वर चढवावा.

मजला खरोखर दोन-तीन वर्षांत चढणार असेल तर महाग मेम्ब्रेन घालू नये. ती उखडावीच लागेल. स्वस्त लेपावर भागवावे. पण मजला कधी होईल ते ठाऊक नसेल, तर तो होणारच नाही असे धरून छत पक्के करावे.

हिशेब वर्षाचा करावा

व्यापारी माल घेताना नग-भाव पाहतो, छताचा मात्र चौरस फुटाचा भाव पाहून फसतो. रीत समजण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊ. एक लेप ३० रुपये फूट आणि टिकणार ३ वर्षे. दुसरी मेम्ब्रेन ११० रुपये फूट आणि टिकणार १२ वर्षे. मध्ये एकदा पांढऱ्या रंगाला १० रुपये. २००० फुटांना पहिल्याचे एका वेळी ६० हजार, १२ वर्षांत चार वेळा, म्हणजे २ लाख ४० हजार. दुसरीचे २ लाख २० हजार आणि रंगाचे २० हजार, म्हणजे तेवढेच २ लाख ४० हजार. पैसे सारखे. पण पहिल्या मार्गात चार वेळा माल हलवा, चार वेळा मजूर शोधा, आणि दर तिसऱ्या पावसाळ्यात लेप गेला की काय या धास्तीत झोपा. प्रत्यक्ष भाव आपल्या बाजारात विचारून हाच हिशेब स्वतः मांडावा. पहिला मार्ग स्वस्त कधी? फक्त थोड्याच वर्षांत मजला चढणार असेल तेव्हा.

आपल्या उदाहरणाची निवड

हिवरा आश्रमच्या आपल्या काल्पनिक गच्चीवर वावर थोडा, टाकी एक, मजल्याचा निश्चित बेत नाही, आणि स्लॅबच्या आराखड्यात कोब्याचे वजन धरलेले नाही. तर ढाळासाठी जागोजाग लागेल तेवढाच पातळ थर (त्याचेही वजन अभियंत्याला विचारून), त्यावर प्रायमर, त्यावर ४ मिलिमीटर पॉलिस्टरची कणीदार एपीपी, सळ्या-पाईप-टाकीच्या बुडाशी पॉलियुरेथेन, आणि टाकीपर्यंत चालायला फरशीची वाट, ही निवड योग्य ठरेल. वजन धरलेले असते आणि वर वाळवण, बसणे-उठणे असते, तर चिनी फरशीचा कोबा चांगला ठरला असता. अशा वेळी स्लॅब आणि कोबा यांच्यामध्ये लवचिक लेपाचा एक हात द्यावा, म्हणजे कोब्याला तडा गेला तरी पाणी खाली उतरत नाही.

किती गुंडाळ्या लागतील? बाजूला १० आणि टोकाला १५ सेंटिमीटर एकावर एक चढवायचे असल्याने एका गुंडाळीत १० ऐवजी सुमारे ८.८ चौरस मीटर झाकले जाते. गच्ची १८६, आणि पॅरापेटवर एक फूट चढवण्यासाठी १६ ते १७, असे एकूण २०३ चौरस मीटर. म्हणजे २३-२४ गुंडाळ्या आणि कापाकापीसाठी एक जास्त. कोणी २० गुंडाळ्यांत काम सांगत असेल तर त्याला विचारा, चढाव कोठे कमी करणार?

कारागिरांसाठी

पृष्ठभाग कोरडा हवा. दीड फूट चौकोनी प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवा. खाली दव जमले तर काम थांबवा, नाहीतर उन्हात वाफ होऊन चादर फुगे धरते. नवा स्लॅब २८ दिवस पिकू द्यावा. सर्वांत खोलगट भागापासून, पाईपाच्या तोंडापासून सुरुवात करावी, म्हणजे वरची पट्टी खालचीवर चढते आणि पाणी सांध्यात शिरत नाही. सांध्यातून वितळलेल्या डांबराची बारीक रेघ बाहेर आली तरच तो नीट बसला असे समजावे.

गॅसची ज्योत हे साधे हत्यार नाही. जवळ कडबा, कापूस, बारदाना, पुठ्ठ्याची खोकी असतील तर आधी हटवा. सिलिंडर उभे ठेवा, पाण्याच्या बादल्या आणि विझवणीचे नळकांडे हाताशी असू द्या, आणि काम संपल्यावर तासभर तेथेच थांबा. विझली असे वाटणारी ठिणगी रात्री पेटते.

काम फेब्रुवारी ते मे या काळात करावे. कोबा मात्र पाणीटंचाईच्या आधी उरकावा, कारण त्याला आठवडाभर पाणी पाजल्याशिवाय ताकद येत नाही. काम झाल्यावर पाईप बंद करून गच्चीवर २४ ते ४८ तास दोन इंच पाणी उभे करून पाहावे. या पाण्याचेही चौरस मीटरला ५० किलो वजन असते, हे ध्यानात ठेवून अभियंत्याला विचारावे आणि पाणी जास्त भरू नये.

हे काम शिकलेला माणूस तालुक्याच्या गावात सहज सापडत नाही, आणि घरे-गाळे तर वाढत आहेत. गवंडी, फॅब्रिकेटर, प्लंबर यांच्या मुलांनी एखाद्या जाणत्या ठेकेदाराच्या हाताखाली एक हंगाम काढला तर स्वतःचा धंदा उभा राहू शकतो. भांडवल थोडे लागते. खरे भांडवल हे की, ज्या गच्चीवर आपण काम केले ती पुढच्या पावसाळ्यात स्वतः जाऊन पाहावी.

लिहून घ्या, लिहून द्या

दहा वर्षांची गॅरंटी तोंडी सांगणारे पुष्कळ भेटतात. कागदावर काय हवे ते पाहा : मालाचे नाव, जाडी, कापडाचा प्रकार, किती गुंडाळ्या किंवा डबे, पॅरापेटवर किती चढवणार, पाण्याची चाचणी झाल्यावरच शेवटचा हप्ता, आणि गळती निघाल्यास किती दिवसांत कोण येणार. कंपनीची हमी मालाची असते, मजुरीची नव्हे. दोन्ही वेगवेगळ्या लिहून घ्याव्यात. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याची आपल्याला ताकीदच आहे. ती कर्जापुरती समजू नये.

काम झाल्यावरही वर्षातून दोनदा, मृगाआधी आणि दिवाळीनंतर, गच्चीवर चढून पाईपांची तोंडे साफ करावीत, उगवलेले पिंपळाचे रोप लहान असतानाच काढावे, आणि डिश किंवा सोलर बसवणाऱ्याला विचारल्याशिवाय गच्चीत खिळा ठोकू देऊ नये. एका खिळ्याने लाखाच्या मेम्ब्रेनची माती होते. आपल्या वडीलधाऱ्यांनी धाब्यावर दरसाल माती टाकली ती मातीवर अविश्वास म्हणून नव्हे. छत लक्ष मागते हे त्यांना ठाऊक होते. माल बदलला, ही गोष्ट बदललेली नाही.